मामाची गिरणी, भाच्याचा बावटा

टाटा हे नाव आमच्या खात्यात कुणालाही विचारा. मीठ, ट्रक, चहा, परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल, एका दमात सांगतील. पण टाटाचा सख्खा भाचा विलायतेच्या पार्लमेंटात कम्युनिस्ट म्हणून निवडून गेला होता, त्याचं नाव विचारा. सगळे गप्प. दोन वर्षांपूर्वी मीही गप्पच बसलो असतो.

मी राहतो मरोळला, पाइपलाइनच्या कडेच्या वस्तीत. काम करतो साकीनाक्याकडच्या एका लहान गिरणीत. कापड धुवायचं, रंगवायचं, वाळवायचं. मुंबईतल्या सूत कातणाऱ्या, कापड विणणाऱ्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आमच्याकडे अजून भट्टी पेटते, म्हणून आम्ही स्वतःला गिरणी कामगार म्हणवतो. शाळा नववीपर्यंत. बाकीचं शिक्षण पाळी सुटल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्या वाचनात हा माणूस भेटला. शापुरजी सकलातवाला.

सकलात म्हणजे लोकरीचं भारी कापड. म्हणजे याच्या आडनावातच कापड. माझ्या घरातल्याही चार पिढ्या कापडातच गेल्या. पण आमच्या आडनावात ते आलं नाही, आणि अंगावरही फारसं आलं नाही.

मित्रहो, हा लेख वारशाबद्दल आहे. कुणाला बापाकडून काय मिळालं, त्यानं त्यातलं काय ठेवलं आणि काय टाकलं, याबद्दल.

शापुरजींचा जन्म मुंबईचा, २८ मार्च १८७४ चा. बाप दोराबजी व्यापारी. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची बहीण. हे जमशेटजी कोण ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल चालू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीला तिचं नाव. पुढं १८८६ मध्ये कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली. बघा, एकाच मामाच्या दोन गिरण्या. एक राणीच्या नावाची, एक स्वदेशीच्या नावाची. नफा दोन्हींचा एकाच घराण्यात.

मरोळ नाक्यावरून अंधेरी-कुर्ला रस्ता धरला की माणूस त्या स्वदेशीच्या कुर्ल्यात पोचतो. लहानपणी बापाबरोबर त्या बाजूला जायचो. बंद गिरणीची चिमणी दाखवून बाप म्हणायचा, "हिच्या भोंग्यावर कुर्ला उठायचं." मला भोंगा ऐकायला मिळाला नाही. चिमणी तेवढी बघायला मिळाली.

तर शापुरजी पोरवयात फोर्टातल्या मामाच्या एस्प्लनेड हाउसमध्ये वाढले. शिकले सेंट झेवियर्समध्ये, आधी शाळा, मग कॉलेज. ज्याच्या घरात गिरण्यांचा हिशेब जेवणाच्या टेबलावर होतो, अशा घरातलं पोर. त्याला वळण कसं लागलं?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीपासून सुरू झाला आणि चाळीचाळीतून फिरला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये इथंच प्लेगची लस काढली. परळला त्याच्या नावाची संस्था आहे, आपण बसमधून बघतो. तरुण शापुरजींनी त्या प्लेगच्या कामात हातभार लावला. कोंदट खोल्यांत मेलेली माणसं त्यांनी जवळून पाहिली. ही माणसं म्हणजे बहुतेक मजूर. मामाची गिरणी कोण चालवतं हे त्या पोरानं गिरणीत न जाता पाहिलं, असं मला वाटतं.

नंतर मामाच्या डोक्यात पोलादाचा कारखाना आला. लोखंडाचा दगड शोधायला जी माणसं रानात धाडली त्यांत शापुरजी होते. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या डोंगरापासून मध्य प्रांताच्या जंगलांपर्यंत ते हिंडले. गोंडांच्या मुलखातला दगड, आणि त्यावर उभा राहायचा टाटांचा कारखाना. या हिंडण्यात त्यांना मलेरियानं पकडलं. १९०४ मध्ये जमशेटजी वारले. १९०५ मध्ये घरच्यांनी शापुरजींना औषधपाण्यासाठी आणि टाटांच्या कचेरीच्या कामासाठी इंग्लंडला पाठवलं.

तिथं मॅटलॉक नावाच्या गावी हवापालटाला राहिले असताना त्यांना सॅली मार्श भेटली. हॉटेलात वाढपाचं काम करणारी मुलगी. बाप दगडाच्या खाणीत कामाला, घरात बारा भावंडं. १९०७ मध्ये दोघांनी लग्न केलं. त्याच १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. घराण्यानं त्या साली पोलादाशी सोयरीक केली आणि भाच्यानं दगडफोड्याच्या घराशी.

यानंतरचं आयुष्य दोन पाळ्यांत गेलं. दिवसा टाटांच्या कचेरीत साहेब, संध्याकाळी कामगारांच्या सभेत कॉम्रेड. १९०९ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी, १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्ष. हिंदुस्थानातल्या मजुरांसाठी लंडनमध्ये संघटना काढली. १९२० मध्ये मुंबईत आयटक स्थापन झाली, तिचं गाऱ्हाणं विलायतेत मांडणारा माणूस हाच. १९२२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या बॅटर्सी नॉर्थ या कामगार मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून गेले. १९२३ मध्ये पडले. १९२४ मध्ये उघड कम्युनिस्ट म्हणून उभे राहून पुन्हा निवडून आले आणि १९२९ पर्यंत राहिले.

त्यांच्याआधी दोन हिंदी माणसं तिथं पोचली होती. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लिबरल पक्षाकडून, १८९५ मध्ये मंचरजी भावनगरी काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडून. तिघेही पारशी, तिघांचीही घडण मुंबईत झालेली. पण मजुराच्या मतावर आणि मजुराच्या नावानं गेला तो तिसरा.

आणि एक गोष्ट आपण नीट लक्षात ठेवायची. बॅटर्सीत त्यांचा निवडणूक एजंट होता जॉन आर्चर. काळा माणूस. १९१३ मध्ये बॅटर्सीचा मेयर झालेला. एक काळा, एक हिंदी, आणि मतं देणारे गोरे मजूर. वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमच्या वस्तीत पाण्याच्या नळावरून अजून जात निघते, आणि तिकडं शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या हमालानं हिंदी माणसाच्या नावापुढं फुली मारली होती. पण लगेच पाघळायचं कारण नाही. पुढं आर्चर लेबर पार्टीकडे राहिला, सकलातवालांपासून वेगळा झाला, आणि १९२९ मध्ये त्यांच्या विरुद्धच्या उमेदवाराचं काम केलं. पार्ट्या इकडं फुटतात तशा तिकडंही फुटतात.

किंमतही मोजली त्यांनी. १९२५ मध्ये टाटांची नोकरी सोडली. त्याच साली अमेरिकेनं त्यांना येऊ दिलं नाही. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर १ मे रोजी हाईड पार्कमध्ये भाषण केलं, सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत असं सांगितलं. पकडले. चांगल्या वागणुकीचा जामीन द्यायला नकार दिला म्हणून दोन महिने तुरुंग. पार्लमेंटचा मेंबर, टाटाचा भाचा, वर्मवुड स्क्रब्सच्या कोठडीत. आणि घराण्याचं काय झालं? १९३२ मध्ये दोराबजी टाटा गेल्यावर टाटांच्या गादीवर आले नौरोजी सकलातवाला. शापुरजींचे मावसभाऊ. एकच आडनाव. एक गादीवर, एक रस्त्यावर.

आता १९२७ साल. माझ्या लेखाचं हे साल आहे.

त्या जानेवारीत सकलातवाला मुंबईला उतरले आणि एप्रिलपर्यंत देशभर सभा घेत हिंडले. यवतमाळकडे त्यांनी गांधींचं दर्शन घ्यायला आलेली शेकडो माणसं पाहिली. हात जोडलेले, कमरेत वाकलेले, पायाची धूळ डोळ्यांना लावणारे. ते पाहून हा माणूस संतापला. ८ मार्च १९२७ च्या जाहीर पत्रात त्यांनी गांधींना सांगितलं की तुम्ही लोकांना लढ्यासाठी तयार करत नाही, गुलामीच्या आज्ञाधारकपणासाठी तयार करत आहात. महात्मापण सोडा आणि आमच्यात येऊन काम करा. १७ मार्चच्या 'यंग इंडिया'त गांधींनी उत्तर दिलं. सकलातवालांची कळकळ त्यांनी मान्य केली. पण भांडवल आणि श्रम यांचं हाडवैर असलंच पाहिजे, हे त्यांनी मानलं नाही.

१७ मार्चनंतर तीन दिवस मोजा. २० मार्च १९२७. महाड. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

सकलातवाला त्या दिवशी याच देशात होते. एकीकडं एक मोठा माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाला विचारत होता की लोकांना पाया का पडू देता. दुसरीकडं ज्यांना जन्मभर पाया पडायला लावलं, त्यांनी कुणालाच न विचारता पाण्यात हात घातला. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या. पण त्या एकाच पानावर मांडलेल्या मी वाचल्या नाहीत. कम्युनिस्टांच्या इतिहासात पत्र येतं, आपल्या इतिहासात तळं येतं. मी दोन्हींचा वारस आहे. कापडातला मजूर म्हणून पत्र माझं, आणि महार म्हणून तळं माझं. म्हणून दोन्ही एका पानावर मांडतो.

मांडली की एक प्रश्न उभा राहतो. लाल बावट्याला गिरणीच्या आतली भिंत दिसली का?

ही भिंत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईच्या गिरणीत साळखातं म्हणजे विणायचं खातं. पगार बरा. तिथं अस्पृश्याला घ्यायचे नाहीत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचं. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार. महाराचं लागलं तर बाट. म्हणून आपली माणसं रिंगखात्यात, कातायच्या बाजूला, कमी पगारावर. माझा पणजा साताऱ्याकडून आला तो रिंगखात्यात लागला. आजा पण रिंगखात्यात. आजाच्या वेळेला १९५० ची घटना आली होती, अस्पृश्यता कायद्यानं गेली होती, पण बाप जिथं तिथंच पोरगा चिकटायचा. आजा म्हणायचा, "धोटा मालकाचा, थुकी त्येंची, अन् इटाळ आमचा." हा आमचा वारसा. गावचं वतन सोडून आलो तर गिरणीत नवं वतन तयार.

१९२८ मध्ये मुंबईत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार, एप्रिल ते ऑक्टोबर. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. त्या वेळी बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सांगितलं की सगळ्या खात्यांत काम करायचा आमच्या माणसांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुशीनं ती मागणी घातली. मालकांपुढं ती गेल्यावर मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याचे जबाबदार आम्ही नाही. आणि ते म्हणणं एका अर्थानं खरं होतं. मालकानं ही भिंत बांधली नव्हती. तो तिच्या सावलीत आरामात बसला होता. भिंत आमच्याच शेजारच्या साच्यावरच्या कामगारानं धरून ठेवली होती, आणि त्याच्या हातात लाल बावटा होता.

हे मी सकलातवालांच्या माथी मारत नाही. ते तेव्हा लंडनला होते. १९२७ च्या दौऱ्यानंतर इंग्रज सरकारनं त्यांची हिंदुस्थानात यायची परवानगीच काढून घेतली. ज्या मुंबईत जन्मले तिथं पुन्हा पाय ठेवता आला नाही. पण त्यांनी जो विचार आयुष्यभर वाहिला त्या विचाराला हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. मालक आणि मजूर, एवढ्या दोन रेघांत मुंबईची गिरणी मावत नव्हती. मजुरात आणखी एक रेघ होती. ती बाबासाहेबांनी दाखवली, तेव्हा पुढाऱ्यांना ती संपाला खोडा वाटली. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले, तो एक दिवस आठवला की वाटतं, हे रोज का होऊ शकलं नाही?

आता धर्माची गोष्ट. याच १९२७ च्या जुलैत सकलातवालांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये आपल्या पाचही मुलांची नवजोत केली. म्हणजे मुलांना रीतसर पारशी धर्मात घेतलं. कम्युनिस्ट पक्ष भडकला, त्यानं कानउघाडणी केली. यालाही एक पार्श्वभूमी आहे. टाटांच्याच घरातल्या रतनजी दादाभाई टाटांची बायको फ्रेंच होती, तिनं पारशी धर्म घेतला होता. त्यावरून मुंबई हायकोर्टात खटला झाला. १९०८ च्या निकालानं पारशी बापाची पोरं पारशी ठरली, बाहेरून आलेली बायको मात्र नाही. म्हणजे दगडफोड्याच्या मुलीच्या पोटची पोरं आत आणि ती स्वतः दाराबाहेर. क्रांतिकारकाच्या घराला पण उंबरा होताच.

लोक याला विसंगती म्हणतील. मला त्यात दुसरंच दिसतं. या माणसानं संपत्ती टाकली, खुर्ची टाकली, आणि धर्म मुलांच्या हातात ठेवला. कारण त्याला तो धर्म ठेवण्यासारखा वाटला. त्या धर्मानं त्याला कधी विहिरीवरून हाकललं नव्हतं. आमचं उलटं. आमच्याकडे टाकायला संपत्ती नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धर्मच टाकला. त्याच नागपुरात, जिथं मामाची एम्प्रेस मिल होती आणि जिच्या खात्यांत आपली हजारो माणसं राबत होती. त्यांतले किती जण पाळी करून पांढरे कपडे घालून त्या मैदानावर आले असतील! त्यांनी पोरांना काय दिलं? एक नकार दिला आणि बुद्ध दिला. माझ्या घरात कपाटभर काही नाही, पण ते आहे.

सकलातवाला १६ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये वारले. त्यांची रक्षा ब्रुकवुडच्या पारशी दफनभूमीत आहे. तिथंच जमशेटजींची समाधी आहे. जिवंतपणी मामाची वाट सोडलेला भाचा मेल्यावर मामाच्या शेजारी गेला. त्यानंतर स्पेनमध्ये फॅसिस्टांविरुद्ध लढायला गेलेल्या इंग्रज स्वयंसेवकांच्या तुकडीला सुरुवातीला सकलातवाला बटालियन हे नाव दिलं होतं. १९३७ च्या फेब्रुवारीत हारामा नदीच्या लढाईत त्या तुकडीतले पुष्कळ लोक मेले. मुंबईच्या पारशाचं नाव घेऊन इंग्रज कामगार स्पेनच्या मातीत पडले. नाव पुढं टिकलं नाही.

मग त्याचा वारसा कोणता? पाया पडून घेणाऱ्याला तोंडावर विचारायची हिंमत, हा माझ्या मते त्याचा खरा वारसा. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. धर्मात भक्ती असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधःपाताचा आणि हुकूमशाहीचा रस्ता. टाटाचा भाचा आणि रामजी सुभेदाराचा मुलगा, दोघे एवढ्या लांबून येऊन एका वाक्यावर भेटतात. आणि आपण? आपल्या वस्तीत पुढाऱ्याच्या गाडीचं दार उघडायला चार पोरं धावतात. त्यांतला एक मी होतो. मागच्या वर्षी सोडलं. सकलातवालांचं ते पत्र वाचल्यावर सोडलं, हे इथं कबूल करतो.

शेवटी एकच. सकलातवालांवर त्यांच्या मुलीनं, सेहरीनं पुस्तक लिहिलं. १९९१ मध्ये निघालं. बाप जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती. तिनं बापाला हरवू दिलं नाही. माझा आजा १९८२ च्या संपात घरी बसला तो परत गिरणीत गेलाच नाही. तीस वर्षं रिंगखात्यात तुटलेली तार जोडली, त्याचा पुरावा म्हणजे एक फाटका गेटपास आणि ते धोट्याचं वाक्य. वाक्य मी वर लिहून ठेवलं. तुमच्या घरात जो म्हातारा अजून आहे त्याला आजच विचारा, कुठल्या खात्यात होता, साळखात्यात का नव्हता, आणि पहिल्यांदा कुणाला नाही म्हणाला. लिहून आमच्याकडे धाडा. शुद्धलेखनाची काळजी करू नका.